पेट्रोल पंपावर व्हेपर रिकव्हरी: बसवावी का, आणि पैसे कुणी घालायचे?

पंपकरीण

नमस्कार मंडळी. चुकीच्या विभागात टाकला असेल तर संपादकांनी धागा हलवावा.

आमचा पंप लांजा आणि राजापूरच्या मधे, मुंबई-गोवा महामार्गाला लागून. सरकारी तेल कंपनीची डीलरशिप, सासऱ्यांच्या वेळची. जागा आमची, म्हणजे कंपनीच्या भाषेत बी साइट. चौपदरीकरणात पुढची पट्टी गेली. आता टाक्या मागे सरकवायच्या, आयलंड (युनिट उभं असतं तो ओटा) नव्याने बांधायचे, डिस्पेन्सिंग युनिट, म्हणजे पेट्रोल भरायचं यंत्र, तेही बदलणार. एवढी सगळी उखडाउखड चालू असताना व्हेपर रिकव्हरीचा, म्हणजे पेट्रोलची उडणारी वाफ परत पकडणाऱ्या यंत्रणेचा, एक एजंट येऊन गेला. गुळगुळीत ब्रोशर, गळ्यात आयकार्ड. म्हणाला, "वहिनी, व्हेपर रिकव्हरी सक्तीची झालीय, नाही बसवलीत तर पंपाला सील लागेल. कर्जाची सोय आम्हीच करून देतो, सही तेवढी करा."

नुसती सही मागणाऱ्या माणसाची मला भीतीच वाटते. पेट्रोल आमचं महिन्याला साधारण ७० केएल (एक केएल म्हणजे हजार लिटर), मे महिन्यात आणि गणपतीत वाढतं. डिझेल वेगळं. तर प्रश्न तीन. खरंच सक्ती आहे का? बसवून फायदा किती? आणि पैसे कंपनीने घालायचे की मी? मुलं दिवसभर नोझल धरून उभी असतात आणि तो वास त्यांच्या अंगाला येतो हे मला दिसतं, त्यामुळे "सक्ती नाही, विसरा" एवढ्यावर मला सोडायचं नाहीये.

मालवणी_खाजा

वैनी, सही करू नकात. बाकी माका काय कळत नाय, पण सही करू नकात.

(वाचतोय.)

नोझल_मिस्त्री

पनवेल ते सावंतवाडी पट्ट्यात पंपांची सर्व्हिसिंग करतो, म्हणून थोडं सविस्तर. आधी ही भानगड काय ते सगळ्यांना कळू दे.

पेट्रोलच्या टाकीत पेट्रोल असतं आणि वरच्या रिकाम्या जागेत त्याची वाफ. टाकी भरली की आतली वाफ बाहेर पडणारच, जाणार कुठे. हे पंपावर दोन ठिकाणी होतं. एक, टँकर खाली करताना: जमिनीतल्या टाकीत पेट्रोल उतरतं तसतशी आतली वाफ व्हेंट पाइपातून आकाशात जाते. भर दुपारी गाडी खाली होत असताना व्हेंटच्या टोकाकडे बघा, हवा थरथरताना दिसते. ती तुमचीच वाफ. दुसरं, गिऱ्हाईकाच्या गाडीत भरताना: गाडीच्या टाकीतली वाफ नोझलच्या बाजूने वर येते आणि थेट भरणाऱ्या मुलाच्या तोंडावर.

पहिल्यावर उपाय म्हणजे स्टेज वन. टँकर आणि जमिनीतली टाकी यांच्यामध्ये एक जादा होज जोडायचा. पेट्रोल खाली येतं, वाफ त्या होजमधून परत टँकरमध्ये जाते आणि टँकर ती डेपोत घेऊन जातो. ना मोटर, ना वीज. दुसऱ्यावर उपाय स्टेज टू. नोझलला रबरी बूट किंवा भोकांची नळी, होजच्या आत दुसरा होज, युनिटमध्ये छोटा व्हॅक्यूम पंप, आणि तिथून जमिनीखालून एक लाइन टाकीपर्यंत. जितकं पेट्रोल गाडीत गेलं साधारण तितकीच वाफ ओढून टाकीत परत.

एक गोष्ट एजंट कधी सांगत नाहीत. स्टेज वन नसताना स्टेज टू बसवलंत, तर दिवसभर नोझलने गोळा केलेली वाफ पुढचा टँकर आला की व्हेंटमधून बाहेर. मुलांच्या नाकापासून दूर गेली एवढंच. क्रम कधीही उलटा करू नका.

मार्जिनवाला

नोझलराव, झकास. सक्तीचं मी सांगतो, आमचा पंप पनवेल महापालिका हद्दीत आहे, त्यामुळे ही पारायणं झालेली आहेत.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ, म्हणजे सीपीसीबी, यांची ७ जानेवारी २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. शाळा, दवाखाना, वस्तीपासून ५० मीटरचा नियम तुम्ही ऐकला असेल, तो त्याच कागदातला. चालू पंपांसाठी निकष दोन गोष्टींवर आहे, शहराची लोकसंख्या आणि महिन्याची पेट्रोल विक्री. १० लाखांवरच्या शहरात महिन्याला १०० केएलच्या वर विक्री, किंवा १ ते १० लाखांच्या शहरात ३०० केएलच्या वर. नव्या पंपालाही शहराचा उंबरठा १ लाखाचाच. आणि मुख्य मुद्दा: बसवून देण्याची जबाबदारी तेल कंपनीवर टाकली आहे, डीलरवर नाही.

आता कोकणात बघा. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी शहर ७६ हजार, चिपळूण ५५ हजार, अलिबाग २० हजारांच्या आसपास. लांजा-राजापूरचं सोडाच. म्हणजे पनवेल ओलांडून खाली आलात की किनाऱ्यावरचा जवळपास कुठलाच पंप या निकषात येत नाही. वहिनी, तुमच्या एजंटाने सील लावायची भाषा कुठल्या कागदावरून केली ते त्याला लेखी मागा. परत येणार नाही.

पंपकरीण

मार्जिनवाला, खूप आभार. हे एवढं स्पष्ट कुणीच सांगितलं नव्हतं. म्हणजे सक्ती नाही. पण मग कंपनीही स्वतःहून देणार नाही, बरोबर? मला बसवायचंच असेल तर कर्ज काढूनच ना?

ताळेबंद

चिपळूणला प्रॅक्टिस करतो, पंपाचे तीन-चार क्लायंट आहेत. ताई, कर्जाचा विचार करण्याआधी एक साधा प्रश्न: तुमच्या पंपावरची टाकी कुणाची? डिस्पेन्सिंग युनिट कुणाचं?

सरकारी कंपनीच्या बी साइटवर जमीन तुमची, पण टाक्या, युनिट आणि पाइपलाइन कंपनीची मालमत्ता. त्यासाठी कंपनी तुमच्याकडून केएलमागे लायसन्स फी रिकव्हरी कापून घेते. स्टेटमेंटवर एलएफआर लिहिलेलं दिसेल. आता तुम्ही कर्ज काढून कंपनीच्या युनिटच्या पोटात स्वतःचा व्हॅक्यूम पंप बसवलात. उद्या कंपनीने युनिट बदललं तर तुमचा पंप कुठे? आणि बँक काय तारण घेणार? दुसऱ्याच्या यंत्रातला सुटा भाग हायपोथिकेट होत नाही. मॅनेजर चांगला असेल तर हसून परत पाठवेल, वाईट असेल तर घर गहाण मागेल. एजंटांची "कर्जाची सोय" बहुतेक वेळा वैयक्तिक कर्ज असते, व्याज बघूनच घेरी येते.

दुसरं, जीएसटी. यंत्रावर तुम्ही जीएसटी भरणार, पण पेट्रोल-डिझेल जीएसटीच्या बाहेर आहे. त्यामुळे इनपुट क्रेडिट मिळत नाही. ऑइल, ग्रीस विकता तेवढ्यापुरतं प्रमाणात मिळेल, ते चहापाण्याइतकं. म्हणजे कोटेशनमधला कर हा तुमचा निव्वळ खर्च धरा. ब्रोशरमध्ये "अधिक कर" असं बारीक अक्षरात असतं, ते आधी वाचा.

तिसरं, तरीही कर्ज लागलंच, समजा शेड, फरसबंदी, जनरेटर अशा तुमच्या स्वतःच्या मालमत्तेसाठी, तर उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करून ठेवा. २ जुलै २०२१ पासून किरकोळ व्यापाऱ्यांनाही ती करता येते. लाभ फक्त प्राधान्य क्षेत्र कर्जापुरता, पण बँकेत तेवढं पुरतं. मुद्रामध्ये पहिल्यांदा घेताना १० लाखांपर्यंत विनातारण बसतं. त्याच्या वर गेलात तर सीजीटीएमएसईची (लहान उद्योगांच्या कर्जाला हमी देणारा सरकारी ट्रस्ट) हमी मागा, व्यापारालाही लागू आहे. तिची फी द्यावी लागते, पण घराचा सातबारा मॅनेजरच्या टेबलावर ठेवण्यापेक्षा ती परवडली.

आणि रस्त्यात गेलेल्या पट्टीचा मोबदला आला असेल तर तो मुलीच्या लग्नाच्या एफडीत लगेच टाकू नका. स्वतःचा हिस्सा म्हणून बँक तोच बघणार आहे.

मालवणी_खाजा

मोबदलो इलो असात तर!! आमचो अजून लवादातच आसा.

उसगावकर

मूळचा देवगडचा, सध्या न्यू जर्सीत. इथे अजूनही गाडीत पेट्रोल स्वतः भरू देत नाहीत, पंपावरचा माणूसच भरतो, त्यामुळे इथलं चित्र थोडं आपल्यासारखं आहे. गंमत म्हणजे अमेरिकेत स्टेज टू आता काढून टाकतायत! १९९८ पासून इथल्या गाड्यांतच कोळशाचा डबा बसवायला सुरुवात झाली. भरताना येणारी वाफ त्या डब्यात शोषली जाते आणि नंतर इंजिनात जळते. अशा गाड्या पुरेशा झाल्यावर २०१२ मध्ये ईपीएने, म्हणजे इथल्या पर्यावरण संस्थेने, राज्यांना स्टेज टू बंद करायची मुभा दिली. उलट अशा गाडीला व्हॅक्यूमचं नोझल लावलं की वाफ मिळतच नाही, नुसती हवा ओढली जाते आणि टाकीत दाब वाढतो. तेव्हा पंपकरीण ताई, जगाने टाकून दिलेलं तंत्रज्ञान कशाला विकत घेता?

नोझल_मिस्त्री

उसगावकर, माहिती बरोबर, पण निष्कर्ष इकडे लागू नाही. भरतानाची वाफ गाडीनेच धरायची असा नियम आपल्याकडे नाही. बीएस-सहाच्या गाडीत डबा असतो तो उभ्या गाडीच्या वाफेसाठी, छोटा. आणि लांज्याच्या पंपावर अर्ध्याहून जास्त गिऱ्हाईक दुचाकीवरचं. सीट उचलायची, झाकण काढायचं आणि उघड्या तोंडात नोझल धरायचं. तिथे कुठला डबा आणि कुठलं काय. युरोपात अजून स्टेज टू आहे. वर्षाला ५०० घनमीटरच्या वर विक्री असलेल्या नव्या पंपांना सक्तीचं, ८५ टक्के तरी वाफ पकडलीच पाहिजे असा दंडक.

अडचण वेगळीच आहे. दुचाकीच्या तोंडाला रबरी बूट नीट बसत नाही. बूट दाबला तर नोझल टकटक बंद पडतं, गिऱ्हाईक "टाकी फुल्ल करताय की मस्करी" म्हणतं, मग मुलगा बूट मागे सरकवून त्याला इन्सुलेशन टेप गुंडाळतो. मी सर्व्हिसिंगला गेलो की दहातल्या कितीतरी नोझलना टेप. व्हॅक्यूम पंप मात्र इमानदारीत हवा ओढतोय! कागदावर सिस्टीम चालू.

उसगावकर

हे लक्षात आलं नव्हतं. टेपचा फोटो असेल तर टाका राव.

मधली_आळी

पंपवाल्यांच्या धाग्यात शिरते आहे, पण आमचं घर पंपाला लागून आहे (गाव सांगत नाही, मालक याच संस्थळावर असतात). सगळा हिशोब तुम्ही लोक लिटरमध्ये आणि रुपयांत करताय. आमच्याकडे टँकर आला की खिडक्या लावून घ्यायच्या, कपडे आत घ्यायचे. पेट्रोलमध्ये बेंझीन असतं, बीएस-सहा पेट्रोलमध्ये कमाल १ टक्का. ते कर्करोगकारक आहे हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने पहिल्या गटात टाकून सांगितलंय. आपल्या देशात हवेतलं बेंझीन वर्षाच्या सरासरीला घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅमच्या आत हवं असा निकष आहे. आमच्या आळीत ते कोण मोजणार? शहराची लोकसंख्या लाखाच्या आत असली म्हणून आमच्या फुप्फुसांना सूट मिळते का?

मार्जिनवाला

ताई, प्रश्न रास्त आहे. निकष पंपांच्या गर्दीवर बेतलेला आहे, शेजाऱ्यावर नाही. पण तुमच्या बाबतीत निम्मं काम स्टेज वननेच होईल, कारण तुमच्या घरात येतो तो टँकर खाली होतानाचा व्हेंटचा वास. व्हेंट जमिनीपासून किमान ४ मीटर उंच हवा असा नियम आहे, तेवढा आहे का बघा. नसेल तर पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना, म्हणजे पेसो, यांच्याकडे तक्रार करता येते. नवी मुंबईत ऑफिस आहे.

आकडेमोड

रसायनशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं, आता रत्नागिरीत निवांत आहे. फायद्याचा प्रश्न कुणी हातात घेतला नाही म्हणून वही काढली.

ईपीएचे उत्सर्जनाचे गुणांक आहेत. गाडीत भरताना, काहीही उपाय नसेल तर, लिटरमागे १,३२० मिलिग्रॅम वाफ उडते. उपाय केला तर १३२. टँकर खाली करताना पाइप टाकीच्या तळापर्यंत गेलेला असेल तर ८८०, वरून धबधब्यासारखं पडत असेल तर १,३८०, आणि स्टेज वनचा होज जोडला तर ४०. शेवटचा आकडा परत वाचा. एका होजने ८८० चे ४० होतात.

पंपकरीण ताईंचे ७० केएल घ्या. नोझलवर महिन्याला सुमारे ९२ किलो वाफ. पेट्रोलची घनता ०.७४ धरली तर सव्वाशे लिटर. आजच्या भावाने १३ हजार रुपये. ऐकायला भरपूर वाटतं, आणि एजंट हाच आकडा दाखवतो. पण ती वाफ गिऱ्हाईकाच्या टाकीतली, तुमची नव्हे! मग तुम्हाला काय मिळतं? तुमच्या टाकीतून पेट्रोल गेलं की रिकाम्या जागेत व्हेंटमधून कोरडी हवा शिरते, आणि ती हवा तृप्त होईपर्यंत तुमचं पेट्रोल खाते. नोझलमधून आलेली तयार वाफ त्या जागेत बसली तर हवा शिरत नाही आणि तुमचं पेट्रोल वाचतं. म्हणजे फायदा खरा आहे, त्याच पट्टीतला आहे, पण वाट वेगळी.

आता मिस्त्रींची टेप आणि दुचाक्या धरून निम्म्यावर काट मारा. महिन्याला साडेसहा हजार, वर्षाला पाऊण लाखाच्या आसपास. त्यातून वीज, बूट-होज बदलणं आणि सर्व्हिसिंग वजा करा. उरेल त्याला पाचाने गुणा आणि करासकट कोटेशन त्या रकमेच्या आत बसतं का ते बघा. अंदाज ढोबळ आहे, गुणांक अमेरिकेचे आहेत, पण दिशा चुकणार नाही. ७० केएलला कर्जाचा हप्ता या बचतीतून निघेल असं मला दिसत नाही. ३०० केएलला खुशाल निघेल, आणि निकषही तिथेच ठेवलाय.

स्टेज वनचे ८८० मात्र तुमच्या खिशात येत नाहीत, ती वाफ टँकरबरोबर डेपोत जाते. तो खर्च शेजाऱ्यांसाठी आणि मुलांसाठी. सुदैवाने तो फार नसतो.

मालवणी_खाजा

गुरुजी, तुम्ही शाळेत आमका असा शिकवला असतात तर मी पंप टाकलो असतो.

टँकरवाला_अण्णा

मी घाट उतरून कोकणात गाडी आणतो. वर सगळं वाचलं. तुमच्या त्या स्टेज वनच्या होजबद्दल सांगतो. होज असतो. पंपावर कपलिंग पण असतं, कितीतरी ठिकाणी. पण जोडत कुणी नाही. का? आम्ही पहाटे निघून दुपारी पोचतो, पुढे अजून एक पंप असतो, पंपवाल्याला पण पेट्रोल संपायला आलेलं असतं. एक होज जोडला की गाडी खाली व्हायची वेळ संपली. दुसरा होज बॉक्समध्ये पडून. त्याची वॉशर वाळून भेगा पडलेल्या असतात. आणि पंपाचा माणूस डिप मारायला (टाकीत काठी घालून पातळी मोजायला) मॅनहोल उघडा ठेवतो, मग होज जोडला काय आणि नाही काय, वाफ तिथूनच बाहेर.

मालकीणबाई, यंत्र राहू दे. तुमच्या माणसाला सांगा की डिप आधी मारायचा, झाकण लावायचं, होज जोडल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडू द्यायचा नाही. ड्रायव्हर चार शिव्या घालेल. घालू दे.

मधली_आळी

अण्णा, तुमच्यासाठी चहा आमच्याकडून. खिडकी उघडी ठेवून.

आकडेमोड

अण्णांनी एका परिच्छेदात माझी अख्खी वही उडवली. सहमत.

पंपकरीण

अण्णा, आमच्याकडे कपलिंग आहे का हेच मी आज जाऊन बघितलं. आहे. वरून रंग मारलाय, टोपी उघडत नव्हती.

नोझलदादा, आता मुख्य शंका. टाक्या तर हलतायतच, सगळं खोदलेलं आहे. स्टेज टू आत्ता नाही घेतलं तर पुढे कधी घ्यायला परत फरसबंदी फोडावी लागेल का? आणि आपल्या पावसाचं काय? इथॉनॉलच्या पेट्रोलात पाण्याची भीती आधीच जीव खाते.

नोझल_मिस्त्री

हाच प्रश्न धाग्यातला सगळ्यात कामाचा. खोदकाम उघडं असताना वाफेची परतीची लाइन टाकून घ्या. बस्स. युनिटखालच्या खड्ड्यापासून (संप) टाकीपर्यंत, दोन्ही टोकं प्लग करून ठेवायची. नुसता पाइप आणि मजुरी, यंत्राच्या मानाने किरकोळ. युनिटही "व्हीआरएस-रेडी" (व्हीआरएस म्हणजे व्हेपर रिकव्हरी सिस्टीम) मागा, म्हणजे आत पंप बसवायची जागा आणि वायरिंग असतं, पंप नसतो. उद्या निकष बदलला किंवा विक्री वाढली तर एका दिवसाचं काम.

लाइन टाकताना स्वतः उभ्या राहा. तिला टाकीकडे उतार हवा आणि मधे कुठेही पोट नको. पोट आलं की तिथे वाफेचं परत पेट्रोल होऊन साचतं आणि वाफेची वाट बंद. कंत्राटदाराची माणसं पाइपाखाली दगड सरकवून "लेव्हल झाली" म्हणतात, त्यावर जाऊ नका. पाण्याची नळी घेऊन लेव्हल बघा आणि बुजवण्याआधी प्रेशर टेस्टचा आकडा लिहून घ्या, फोटोसकट.

पावसाचं: भीती बरोबर आहे. २० टक्के इथॉनॉलवालं पेट्रोल पाणी ओढतं, आणि प्रमाणाबाहेर पाणी गेलं की इथॉनॉल पाण्याला धरून तळाशी जातं. मग टाकी रिकामी करण्याशिवाय इलाज नाही. स्टेज टूचा व्हॅक्यूम गरजेपेक्षा जास्त ओढायला लागला तर आषाढातली ओली हवा थेट टाकीत. म्हणून हवा आणि पेट्रोलचं प्रमाण एकास एकच्या जवळ हवं, युरोपात ०.९५ ते १.०५ च्या मधे ठेवतात. हे प्रमाण वर्षातून एकदा तरी मोजायला लागतं, आणि ते मोजायचं किट घेऊन पावसाळ्यात राजापूरला येणारा माणूस शोधून दाखवा. त्यात खारी हवा. समुद्रापासून थोडं आत असलात तरी स्प्रिंगा आणि स्क्रू दोन पावसाळ्यांत लाल होतात. म्हणून आजच्या घडीला तुमच्या विक्रीला मी स्टेज टू चालू करा असं म्हणणार नाही.

त्याऐवजी तीन कामं. व्हेंटच्या टोकाला पीव्ही व्हॉल्व्ह लावून घ्या. ठराविक दाबापर्यंत तो बंद राहतो, त्यामुळे ऊन-सावलीच्या श्वासाने उडणारी वाफ थांबते आणि पावसाची हवाही आत येत नाही. फिल पाइप तळाजवळपर्यंत गेलाय का ते नव्या टाकीत पक्कं करा. मॅनहोलच्या आणि फिल कॅपच्या रबरी रिंगा दरवर्षी पावसाआधी बदला. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला पुराचं पाणी पंपांच्या टाक्यांत शिरलं तेव्हा झाकणांनी कशी वाट दिली ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

ताळेबंद

मिस्त्रींच्या यादीतलं पीव्ही व्हॉल्व्ह, फिल पाइप, परतीची लाइन हे सगळं टाकी आणि पाइपलाइनचा भाग. म्हणजे कंपनीच्या कामात. त्याचं बिल तुमच्या नावावर येता कामा नये. सेल्स ऑफिसरला तोंडी सांगू नका, ईमेल करा, आणि नव्या ड्रॉइंगमध्ये लाइन दाखवायला लावा. पेट्रोलियम नियम, २००२ खाली तुमचा परवाना फॉर्म चौदावर आहे. टाक्या हलवताय म्हणजे पेसोकडून नवं ड्रॉइंग मंजूर करून घ्यावंच लागणार. लाइन त्याच ड्रॉइंगमध्ये असली तर पुढे पुन्हा फेरी नाही.

पंपकरीण

उशिरा लिहितेय, पंपावर गणपतीची गर्दी होती. चाकरमान्यांनी नोझल खाली ठेवू दिलं नाही.

सेल्स ऑफिसरशी बोलणं झालं. वर दिलेलं सगळं मुद्देसूद ईमेल केलं होतं, त्यामुळे त्यांना "बघतो" म्हणून सुटता आलं नाही. स्टेज वनचं कपलिंग, पीव्ही व्हॉल्व्ह आणि तळापर्यंतचा फिल पाइप नव्या टाक्यांबरोबर कंपनी देतेय, लेखी आलं. परतीच्या लाइनला ते आधी नाही म्हणाले, "तुमच्या आउटलेटला निकष लागू नाही." मी म्हटलं, लागू झाल्यावर माझी फरसबंदी तुमच्या खर्चाने फोडाल का? मग पाइप कंपनीचा, खोदाई आणि बुजवणं माझं, यावर आले. खोदाई तर होतच होती. व्हीआरएस-रेडी युनिट "उपलब्धतेनुसार" म्हणालेत, त्यावर अजून माझा विश्वास नाही.

कर्ज फक्त फरसबंदी आणि जनरेटरसाठी काढतेय. उद्यम झालं. मोबदल्यातला निम्मा भाग लावला, बाकीची एफडी केली (ताळेबंद, रागावू नका).

मुलांसाठी एक केलं. टँकर खाली होताना व्हेंटच्या खालच्या आयलंडवर भरणं बंद, दोरी लावतो. आणि अण्णा, होज जोडल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडायचा नाही हे पहिल्याच गाडीला सांगितलं. ड्रायव्हरने शिव्या घातल्या नाहीत, पण होज बॉक्समध्ये नव्हताच. पुढच्या गाडीचाही नव्हता. आता हे कुणाला सांगायचं, डेपोला की वाहतूकदाराला?

टँकरवाला_अण्णा

दोघांना. पण आधी चलनावर "व्हेपर होज नाही" असं लिहून ड्रायव्हरची सही घ्या. सहीचा कागद डेपोत गेला की वाहतूकदाराला बोलावणं येतं, मग होज आपोआप सापडतो.

मार्जिनवाला

अण्णा +१. वहिनी, आणखी एक राहिलं. नवीन युनिट बसल्यावर वैधमापनचं मुद्रांकन (मापाची सरकारी तपासणी आणि सील) झाल्याशिवाय विक्री करता येत नाही. व्हीआरएस-रेडी युनिट आलंच, तर आतली तयारी आणि वायरिंग आत्ताच मिस्त्रीकडून तपासून घ्या. मुद्रांकनानंतर सील तोडलंत तर परत इन्स्पेक्टर, परत फी, आणि तोवर नोझल बंद. दिवाळीच्या आधी त्यांची तारीख मिळणं मुश्कील असतं, या आठवड्यातच अर्ज टाका.

पंपकरीण

अर्ज उद्याच टाकते. नोझलदादा, युनिट आलं की फोन करू का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.